पाणी का तापत नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळी सरून पहाटेचा गारठा वाढला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख आंघोळीच्या पाण्याकडे वळतो. गिझर चालू आहे पण पाणी कोमट. सोलर बसवलंय पण सकाळी गार. बंबात लाकडं जळतात आणि नुसता धूर होतो. या वेळी परभणी, जालना, बीड, लातूर, नांदेड, हिंगोली, उदगीर आणि अंबाजोगाई इथून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ती बहुतेक उत्तरांत येणार आहे. मराठवाड्याचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि इथल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड (कठीण), म्हणजे जास्त क्षारांचं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं पाणी तापलं की त्यातला चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार सुटून पांढरा थर बसतो. पण हा थर गिझरमध्ये जे नुकसान करतो ते सोलरमध्ये करत नाही, आणि सोलरमध्ये जे करतो ते बंबात नाही. म्हणून ‘क्षार जमलाय, एलिमेंट (पाणी तापवणारं आतलं वेटोळं) बदला’ हे एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही.

प्रश्न (परभणी): आमचा १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर तीन वर्षांचा आहे. पूर्वी वीस मिनिटांत कढत पाणी यायचं. आता दहा मिनिटांतच दिवा बंद होतो आणि पाणी कोमटच असतं. आत कडकड असा आवाजही येतो. मिस्त्री म्हणतात, एलिमेंट कमजोर झालंय, बदला. गेल्या वर्षीच बदललं होतं. पुन्हा बदलावं का?

उत्तर: बदलू नका, आधी उघडून बघा. एलिमेंट ‘कमजोर’ होत नाही. आतली तार एक तर अखंड असते किंवा तुटलेली. अखंड असेल तर ती ठरलेली वीज घेते आणि तेवढी उष्णता देते. ती उष्णता थराच्या आतून का होईना, पाण्यातच जाते; तिला दुसरीकडे जायला वाटच नाही. त्यामुळे विजेच्या गिझरमध्ये थरामुळे पाणी हळू तापतं, हा समज चुकीचा आहे. थर वेगळंच काम बिघडवतो.

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलं आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. २००० वॅटच्या एलिमेंटला त्यासाठी २१ मिनिटं हवीत. तुमचा दिवा दहा मिनिटांत विझतो, म्हणजे निम्मीच उष्णता पाण्याला मिळते आणि पाणी ४० च्या आसपास थांबतं. एलिमेंट काम करतंय. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग, त्याला लवकर थांबवतोय. का? बहुतेक गिझरमध्ये थर्मोस्टॅटची कांडी एलिमेंटच्या वेटोळ्याशेजारीच एका बारीक नळीत बसवलेली असते. क्षाराचा थर वाढत गेला की एलिमेंट आणि ही नळी एकमेकांना चिकटतात. मग कांडीला पाण्याऐवजी एलिमेंटचीच धग लागते आणि सगळं पाणी तापलं असं समजून ती वीज तोडते. कडकड आवाज थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन येतो. एलिमेंट वर्षातच जळतं त्याचं कारणही हेच: थराखाली उष्णता कोंडते, आवरण तापतं आणि शेवटी फुटतं. नुसतं एलिमेंट बदलून टाकी साफ केली नाही तर नव्याचीही तीच गत होते.

साफसफाई अशी करा. बोर्डातला एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा आणि गिझरच्या टोकांवर टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री करा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. गार पाण्याचा कॉक बंद करा, हवा आत जावी म्हणून गरम पाण्याचा नळ उघडा आणि गिझरच्या तळाशी गार पाण्याचा पाइप सोडवून टाकी रिकामी करा. पाणी गार झालेलं असलं पाहिजे. खालचं झाकण काढलं की वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, मगच त्या सोडवा. पाच-सहा नट काढले की एलिमेंट, थर्मोस्टॅटची नळी आणि अ‍ॅनोड रॉड बसवलेली गोल प्लेट सगळी एकत्र खाली येते. थर फार असेल तर ती ओढून काढू नका. हलकेच फिरवत, थर मोडत काढा.

अ‍ॅनोड रॉड वेगळा करा. हा मॅग्नेशियमचा असतो आणि टाकीऐवजी स्वतः झिजतो. निम्म्याहून जास्त झिजला असेल तर नवा घाला. त्याची किंमत टाकीच्या मानाने काहीच नाही. मग पाच लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, विरघळवा आणि एलिमेंट दोन-तीन तास त्यात बुडवून ठेवा. वायरी जोडायची टोकं पाण्याबाहेर राहिली पाहिजेत. फेस येणं थांबलं आणि थर शिल्लक असेल तर पाणी बदलून पुन्हा तेच करा. उरलेला थर लाकडी काडीने काढा. फरशी धुवायचं अ‍ॅसिड कधीही वापरू नका. ते आवरण आणि सांधे खातं, आणि बंद न्हाणीत त्याची वाफ छातीत जाते. टाकीच्या तळाशी पडलेले खडे हाताने काढा आणि पाणी सोडून टाकी धुवून घ्या.

परत बसवण्याआधी मल्टिमीटर लावा. २००० वॅटच्या एलिमेंटचा रोध २६ ते २७ ओहम यायला हवा. एका टोकापासून धातूच्या आवरणापर्यंत मोजलं तर काहीच जोड दिसता कामा नये; दिसला तर ते एलिमेंट भंगारात टाका. गॅस्केट नवीन घ्या आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. टाकी भरून गरम नळातून अखंड धार येईपर्यंत वीज सुरू करू नका. कोरडं एलिमेंट काही क्षणांत जळतं.

एवढं करूनही दिवा लवकर विझत असेल तर थर्मोस्टॅट बदला. दिवा पेटतो पण पाणी अजिबात तापत नाही, असं असतं तर एलिमेंट तुटलंय असं म्हणता आलं असतं, कारण साध्या गिझरमध्ये दिवा बहुधा एलिमेंटला समांतर जोडलेला असतो.

यापुढे थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवा. ६० च्या वर क्षार फार झपाट्याने सुटतात. हिशोबच करायचा तर, कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम असलेलं पाणी रोज १०० लिटर तापवलं आणि त्यातल्या क्षारांचा दहावा भागच आत बसला, तरी वर्षाला १.८ किलो होतो. बोअरवर चालणारा गिझर वर्षातून एकदा, थंडीच्या आधी उघडलाच पाहिजे.

प्रश्न (जालना): नवा २५ लिटरचा गिझर बसवला. पहिल्या दिवसापासून अर्धी बादली गरम येते आणि मग कोमट. कंपनीचा माणूस येऊन ‘मशीन ठीक आहे’ म्हणून गेला.

उत्तर: मशीन ठीकच असेल. दोन ठिकाणी बघा. पहिलं, नळ्या उलट जोडल्यात का? भिंतीवरच्या उभ्या गिझरमध्ये गार पाण्याची निळी वाट टाकीच्या तळाशी उघडते आणि गरम पाण्याची लाल वाट आतल्या लांब नळीने टाकीच्या माथ्यापर्यंत जाते, कारण गरम पाणी वर राहतं. जोडणी उलटी झाली की गार पाणी माथ्यावर पडतं आणि नळाला तळाचं पाणी येतं. बारीक फ्लेक्सिबल पाइपवर निळा-लाल रंग असला तरी भिंतीतली लाइनच उलट असू शकते. म्हणून गार कॉक बंद करून बघा. गरम नळ थांबला पाहिजे आणि गिझरचा जो पाइप त्या कॉकला जोडलाय तो निळ्या खुणेवर असला पाहिजे.

दुसरं, मिक्सर. जुना मिक्सर आतून गळत असेल, किंवा मिक्सरनंतर शॉवरचा वेगळा कॉक बसवून तो बंद ठेवत असाल, तर गार पाणी आतल्या आत गरम लाइनमध्ये शिरतं. गिझरचा गरम पाइप मिक्सरपासून सोडवून थेट बादलीत पाणी घ्या. तिथे कढत आलं तर दोष मिक्सरचा. जुन्या गिझरमध्ये असं अचानक सुरू झालं तर आतली लांब नळी गंजून तुटल्याची शक्यता धरा.

प्रश्न (बीड जिल्हा, गाव): रब्बीत सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात आणि गिझरला पाऊण तास लागतो. स्टॅबिलायझर घ्यावा का? बिल दुप्पट येतंय असं घरच्यांचं म्हणणं आहे.

उत्तर: बिल गिझरमुळे दुप्पट झालेलं नाही. व्होल्टेज उतरलं की एलिमेंटची ताकद वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारं एलिमेंट १८० व्होल्टला सुमारे १२२५ आणि १६० व्होल्टला ९७० वॅटच देतं. १५ लिटरला २१ मिनिटांऐवजी अनुक्रमे ३४ आणि ४३ मिनिटं लागतात. पाऊण तासाचा हिशोब इथे बरोबर जुळतो. पण वीज तेवढीच लागते, फक्त ती सावकाश घेतली जाते.

स्टॅबिलायझरच्या भानगडीत पडू नका. तो गिझरला पूर्ण ताकद देण्यासाठी लाइनमधून जास्त करंट ओढतो आणि तुमच्याच वायरी तापवतो. त्यापेक्षा मोटारी सुरू व्हायच्या आधी पाणी तापवून ठेवा. चांगल्या आवरणाच्या टाकीत ते तीन-चार तास सहज गरम राहतं.

मात्र एक तपासणी करा. गिझर चालू असताना मीटरजवळचं आणि गिझरच्या सॉकेटवरचं व्होल्टेज मोजा. फरक आठ-दहा व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष डीपीचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरचा) नाही, तुमच्या घरातला आहे: कुठेतरी जोड ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात. त्यासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट हवं. सॉकेट पिवळं पडलं असेल किंवा प्लग हाताला चटका देत असेल तर आजच बदला. घरात आग लागण्याची सुरुवात अशाच ठिकाणी होते.

प्रश्न (लातूर): गच्चीवर २०० लिटरचं काचेच्या नळ्यांचं सोलर आहे. पहिली दोन वर्षं छान चाललं. आता सकाळी पाणी कोमटच येतं. मध्यंतरी दोन नळ्या तडकल्या. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येतं, मध्ये टँकर घेतो.

उत्तर: संध्याकाळी पाच वाजता टाकीच्या जवळच्या तोंडातून थोडं पाणी काढून तापमापीने मोजा. पहाटे, कुणी पाणी वापरण्याआधी, पुन्हा तिथेच मोजा. या दोन आकड्यांवर सगळं ठरतं.

संध्याकाळीच पाणी ४५-५० च्या खाली असेल तर उष्णता गोळाच होत नाही. दुपारी नळ्यांना बाहेरून हात लावा. चांगली नळी कडक उन्हातही बाहेरून गार लागते, कारण दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते. जी गरम लागते तिची पोकळी गेली. खात्रीसाठी नळीचं खालचं टोक बघा: तिथला आरशासारखा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर नळी निकामी आहे. मग सावली बघा. शेजारी नवा मजला चढला का, पाण्याची नवी टाकी मध्ये आली का? डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली असतो, म्हणून मे महिन्यात न पडणारी सावली थंडीत पडते. धूळ हेही खरं कारण आहे. सोयाबीनची मळणी आणि कोरडा वारा यांनी नळ्यांवर बसलेला थर ओल्या फडक्याने पुसून काढा, तोही सकाळी, नळ्या तापायच्या आत.

क्षाराचं गणित इथे वेगळं. ५८ मिलिमीटर जाडीच्या आणि १८०० मिलिमीटर लांबीच्या एका नळीत सुमारे पावणेतीन लिटर पाणी असतं. ते तापून वर टाकीत जातं आणि गार पाणी खाली येतं. नळीच्या बुडाशी वीतभर पांढरा गाळ साचला की तेवढा भाग कामातून गेला. एक नळी काढून उभी धरली की गाळ दिसतो. असेल तर नळ्या काढून, लिंबूफुलाच्या पाण्याने (लिटरला ५० ग्रॅम) धुवून घ्या. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पॅनेलमध्ये हाच क्षार वाटच बंद करतो आणि साफ करणं फार अवघड जातं. म्हणून जड पाण्याला काचेच्या नळ्यांचं सोलर घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी पाणी ६० आणि पहाटे ४० असेल तर उष्णता रात्रीत जाते. चांगल्या पफच्या (फोमचं आवरण असलेल्या) टाकीत रात्रीतून पाच ते आठ अंश उतरतात. त्याहून बरेच जास्त उतरत असतील तर आवरणात पाणी शिरलंय किंवा मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनला मिळतंय. पण त्याआधी घरातली सवय तपासा. २०० लिटर पाणी ६० अंशांवर आहे आणि रात्री भांडी, आंघोळी मिळून १०० लिटर वापरलं, तर तेवढंच २० अंशांचं गार पाणी टाकीत शिरतं आणि पूर्ण मिसळलं तर सगळं ४० वर येतं. ही बिघाडाची गोष्ट नाही. गरम पाण्याचा मोठा वापर सकाळी ठेवा.

पहाटे टाकीत पाणी गरम आहे आणि नळाला मात्र गार येतं, तर पाइप बघा. पाऊण इंची पाइपच्या दर दहा मीटरमध्ये अडीच लिटर पाणी मावतं. गच्चीवरून तळमजल्यावर वीस मीटर पाइप येत असेल तर पहिलं पाच लिटर गारच येणार. उघड्या पाइपवर काळा फोम चढवा आणि त्यावर उन्हापासून वाचवणारी टेप गुंडाळा. लाइन सीपीव्हीसीची हवी. साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकतो आणि त्या वाकणात हवा अडकली की धारच बंद होते.

आता तडकलेल्या नळ्या. हे नुकसान आठवड्याने पाणी येणाऱ्या शहरांत होतं. वरची टाकी संपते, सोलर रिकामं पडतं, उन्हात कोरड्या नळ्या शंभर-दीडशे अंशांच्याही वर तापतात. मग दुपारी टँकर येतो, मोटार सुरू होते आणि गार पाणी तापल्या काचेवर पडतं. काच तडकणारच. टाकी रिकामी झाली असेल तर सोलरचा गार कॉक आधी बंद करा, आणि पाणी रात्री किंवा सूर्योदयाआधी सोडा. दिवसा भरणं अटळच असेल तर नळ्यांवर जाड गोणपाट टाकून त्या दोन-तीन तास निवू द्या. शक्य असल्यास वरच्या टाकीतून घरात जाणारी लाइन अर्धा फूट उंचावरून काढा आणि सोलरची अगदी तळाजवळून, म्हणजे घरातलं पाणी संपलं तरी सोलरसाठी थोडं शिल्लक राहील.

टाकीवरचा हवेचा उभा पाइप मोकळा आहे ना, तेही बघा. तो तुंबला तर पाणी बाहेर पडताना टाकी आत चेपते.

प्रश्न (नांदेड): फ्लॅटमध्ये गॅस गिझर आहे. मध्येच विझतो, पाणी एकदा कढत एकदा गार. मुलांना आंघोळीनंतर डोकं दुखल्यासारखं होतं. गिझर न्हाणीतच आहे.

उत्तर: तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांचं उत्तर आधी. तो गिझर आजपासून न्हाणीत वापरू नका. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची पहिली खूण आणि माणूस बेशुद्ध पडला की दार उघडायचीही ताकद राहत नाही. कोणी आत कोसळलं तर आधी गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर फोन करा. गिझर बाल्कनीत किंवा डक्टच्या मोकळ्या बाजूला हलवा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणा. एक्झॉस्ट पंखा हा त्याला पर्याय नाही. उलट पंखा धूर मागे ओढून आणू शकतो.

आता विझण्याचं. हा गिझर पाण्याच्या दाबावर पेटतो. आतला रबरी पडदा ढकलायला साधारण ०.२ ते ०.२५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपेक्षा किमान दोन ते अडीच मीटर वर हवी. वरच्या मजल्यावर गच्चीची टाकी अर्धी झाली की ज्योत विझते ती यामुळे. खालच्या मजल्यावर असाल तर पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुवा. बोअरच्या पाण्यात ती रेती आणि क्षाराने भरते. शॉवरची छिद्रं बुजली असतील तरी प्रवाह कमी होऊन ज्योत जाते. ठिणगी सावकाश पडत असेल तर खालचे दोन मोठे सेल बदला. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणं हा अनेक मॉडेलमधला सुरक्षेचा भाग आहे, बिघाड नाही.

ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत दिसली तर बर्नर तुंबलाय आणि विषारी वायूही तयार होतोय. साफ होईपर्यंत वापर बंद. क्षाराचा थर इथे खरोखर उष्णता अडवतो: तांब्याच्या वेटोळ्यात थर बसला की पाणी कमी तापतं, धूर जास्त गरम जातो आणि सिलिंडर लवकर संपतो. ते वेटोळं लिंबूफुलाचं पाणी फिरवून साफ करता येतं, पण गॅसचे जोड सोडावे लागतात, म्हणून ते काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या आणि शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून गळती बघायला सांगा.

प्रश्न (हिंगोली): गिझर सुरू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. पाणीही नीट तापत नाही. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर: आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. थराखाली तापून एलिमेंटचं आवरण फुटलं की वीज पाण्यात उतरते. अर्थिंग धड असतं तर ती जमिनीत गेली असती. एमसीबी पाडा आणि एलिमेंट बदलेपर्यंत लावू नका.

मग अर्थिंग तपासा. फेज आणि अर्थ यांत जवळपास २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा आला पाहिजे. मीटरवर आकडा बरा आला तरी वायरमनकडून अर्थचा रोध मोजून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा रॉड किंवा प्लेट मातीपासून सुटते. खड्ड्यात नियमित पाणी ओतायला हवं. अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडून देणारे वायरमन अजून सापडतात. ते कधीही चालवून घेऊ नका: न्यूट्रल तुटला की गिझरचं सगळं अंगच फेज होतं. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारं यंत्र, बसवा.

प्रश्न (उदगीर): आमच्याकडे सासूबाईंचा तांब्याचा बंब आहे, २५ लिटरचा. तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळतो. हल्ली फार जळण लागतं, धूर होतो आणि तोटीजवळून थेंब थेंब गळतो.

उत्तर: बंब चांगली वस्तू आहे, टाकू नका. २५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला हिशोबाने २७० ग्रॅम कोरडं जळण पुरतं. दोन तृतीयांश उष्णता वाया जाते असं धरलं तरी पाऊण-एक किलो. तुम्हाला दोन-तीन किलो लागत असेल तर हवा अडतेय. जळण घालायच्या मधल्या नळीच्या तळाची जाळी राखेने भरलेली असते. ती रोज झाडा आणि खालून हवा जायची वाट उघडी ठेवा. नळीच्या आत काजळीचा थर बसतो, तो महिन्याकाठी काथ्याच्या किंवा तारेच्या ब्रशने काढा. जळण तोंडापर्यंत कोंबू नका, निम्मी नळी मोकळी राहू द्या. ओल्या पऱ्हाट्यांची बरीच आच त्यांचंच पाणी उडवण्यात जाते. प्लास्टिक, टायरचे तुकडे अजिबात घालू नका. तो धूर घरभर फिरतो.

आतून, पाण्याच्या बाजूला, थर असतो तो बंबात चिंचेच्या कोळाने किंवा लिंबूफुलाच्या कोमट पाण्याने रात्रभर ठेवून काढता येतो. सकाळी दोनदा धुवा. मात्र आत कल्हई असेल तर लिंबूफुलाचं प्रमाण लिटरला वीस ग्रॅमच ठेवा आणि दोन तासांत ओतून टाका. गळतं ते बहुधा डाख, म्हणजे सांधा जोडणारा मऊ धातू, सुटल्यामुळे. पाणी तोटीच्या खाली गेलेलं असताना विस्तव ठेवला की डाख वितळतो. आधी पाणी, मग विस्तव. आणि गरम पाणी काढाल तेवढं गार लगेच ओता. डाख देताना तोटीचा वायसरही बदलून घ्या.

प्रश्न (अंबाजोगाई): वसतिगृहात बादलीत टाकायचा १५०० वॅटचा रॉड वापरतो. वीस लिटरला अर्धा तास लागतो. हे बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर आहे. वीस लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला पूर्ण व्होल्टेजला २३ मिनिटं लागतात, व्होल्टेज थोडं कमी असेल तर अर्धा तास. रॉडवरचा पांढरा थर लिंबूफुलाच्या पाण्यात काढा, खरवडू नका. बादली प्लास्टिकची घ्या, रॉड खुणेपर्यंत बुडाल्यावरच बटण सुरू करा, आणि पाणी तापलं का हे बोट घालून बघायच्या आधी बटण बंद करून प्लग सॉकेटमधून काढा. तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा केलेला रॉड वापरू नका. वसतिगृहाच्या बोर्डात आरसीसीबी आहे का ते रेक्टरना विचारा, नसेल तर बसवून घ्यायला लेखी सांगा.